आग लागत नाही, लावली जाते

सरकारी पत्रके आणि वृत्तसंस्थांच्या तारा मराठीत उतरवताना एक क्रियापद पुन्हा पुन्हा आडवे येते. ‘दलित वस्तीला आग लागली.’ ‘आगीत घरे भस्मसात झाली.’ ‘परिस्थिती नियंत्रणात आहे.’ आग लागणे आणि आग लावणे यांत मराठीत एका अक्षराचा फरक आहे. पण त्या एका अक्षरात कर्ता आहे, हेतू आहे, काडी ओढणारा हात आहे आणि त्या हाताला मोकळे सोडणारी राजसत्ता आहे. पत्रक लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला हा फरक कळत नाही असे मानण्याचे कारण नाही. त्याला तो चांगला कळतो, म्हणूनच तो ‘लागली’ असे लिहितो.

अशी प्रत्येक आग विझल्यावर दोन-चार दिवसांत भांडवली वृत्तपत्रांचे अग्रलेख येतात. त्यांत ठरलेला उपदेश असतो: विविध शासकीय यंत्रणांमध्ये समन्वय हवा. पोलीस, महसूल, समाजकल्याण, अग्निशमन यांनी हातात हात घालून काम केले असते तर ही दुर्घटना टळली असती. वरवर पाहता या उपदेशात गैर काहीच नाही. हेतुपुरस्सर लावलेल्या आगी टाळता येतात, हे आमचेही म्हणणे आहे. नव्हे, इतर कोणत्याही आगीपेक्षा त्या टाळणे सोपे आहे, कारण त्या आधी जाहीर झालेल्या असतात. मग त्या टळत का नाहीत, हा खरा प्रश्न आहे आणि तिथे हे अग्रलेख थांबतात. आपण तिथून पुढे गेले पाहिजे.

आग येण्याआधी तिची वर्दी येते

किळवेणमणीपासून सुरुवात करू. तंजावरच्या पूर्व भागातील या गावी २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित शेतमजूर, त्यांच्या बायका आणि मुले एका झोपडीत कोंडून जाळण्यात आली. मृतांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. ही आग अचानक उसळली होती काय? शेतमजूर लाल बावट्याच्या युनियनमध्ये संघटित झाले होते आणि कापणीची मजुरी म्हणून थोडे अधिक भात मागत होते. मिरासदारांनीही आपली भात उत्पादक संघटना उभी केली होती. बाहेरचे मजूर आणून संप मोडण्याचे प्रयत्न चालू होते. लाल बावटा उतरवून मालकांच्या संघटनेपुढे मान तुकवा, असा दबाव होता. तालुक्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला हा संघर्ष ठाऊक होता. आग लागण्याच्या कितीतरी आधी आगीचे कारण सरकारदरबारी नोंदले गेले होते.

पुढच्या पन्नास-पंचावन्न वर्षांतील घटना तपासून पाहा. आगीआधीचा काळ सर्वत्र सारखाच दिसतो. २७ मे १९७७ रोजी बिहारमधील बेलछी येथे ११ जणांना गोळ्या घालून जाळले गेले. त्यांत बहुसंख्य दलित होते. आपल्या मराठवाड्यात २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला आणि त्यानंतरच्या दिवसांत जिल्ह्यामागून जिल्ह्यात दलितांची घरे पेटली. हे एका रात्रीत घडले नाही, पेटवणे दिवसांमागून दिवस चालले. पहिल्या गावात धूर दिसल्यावर दहाव्या गावात बंदोबस्त पोचवायला वेळ नव्हता, असे कोण म्हणेल?

हरयाणातील मिर्चपूर येथे १९ एप्रिल २०१० रोजी कुत्रे भुंकल्याच्या क्षुल्लक निमित्तावरून भांडण झाले. दोन दिवस गाव तणावाखाली होते, पोलीस गावात होते, आणि २१ तारखेला वाल्मीकी वस्ती पेटवली गेली. एक वृद्ध आणि त्यांची चालता न येणारी १८ वर्षांची मुलगी घरातच जळून मेली. तमिळनाडूतील धर्मपुरी जिल्ह्यात ७ नोव्हेंबर २०१२ रोजी एका आंतरजातीय विवाहाचे निमित्त करून नत्तम, अण्णानगर आणि कोंडमपट्टी या तीन वस्त्यांतील अडीचशेहून अधिक घरे लुटून जाळण्यात आली. तो विवाह काही आठवड्यांपूर्वीच झाला होता आणि तेव्हापासून तणाव वाढत होता. बिहारमधील नवादा जिल्ह्यात १८ सप्टेंबर २०२४ रोजी महादलित टोळ्यातली घरे पेटली. त्या जमिनीचा दावा न्यायालयात पडून होता. म्हणजे न्यायालयाला वाद ठाऊक होता, महसूल खात्याला वाद ठाऊक होता, पोलीस ठाण्याला वाद ठाऊक होता.

मजुरीची मागणी, जमिनीचा दावा, सन्मानाचा ठराव, जातीची चौकट मोडणारा विवाह: यांतले काहीतरी आधी घडते. मग बहिष्कार येतो, पाणवठा बंद होतो, कामावरून काढले जाते, धमकी दिली जाते. आग त्यानंतर येते. वीज कोठे पडेल हे सांगता येत नाही, पण ही आग कोठे पडणार हे तलाठ्यालासुद्धा सांगता येते. म्हणूनच तिला ‘दुर्घटना’ म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे.

कायद्यात काय नाही?

आता समन्वयाकडे वळू. कायद्यात समन्वयाची तरतूदच नाही, असा समज पसरवला जातो. वस्तुस्थिती अगदी उलट आहे.

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ साली झाला. दलित-आदिवासींचे राहते घर, प्रार्थनास्थळ किंवा मालमत्ता साठवण्याची इमारत नष्ट करण्यासाठी आग लावणाऱ्यास या कायद्याने जन्मठेप सांगितली आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही, तो स्वतः दलित वा आदिवासी नसेल तर, तुरुंगवास सांगितला आहे. १७ व्या कलमान्वये जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी, कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी एखादे क्षेत्र ‘अत्याचारप्रवण’ घोषित करून प्रतिबंधक पावले उचलू शकतो. गुन्हा घडण्याची वाट पाहण्याची त्याला गरज नाही.

१९९५ चे नियम तर याहून तपशीलवार आहेत. अत्याचारप्रवण क्षेत्रे हुडकून काढा. तेथील सवर्णांचे शस्त्रपरवाने आवश्यक तर रद्द करा, बेकायदा शस्त्रे जप्त करा. विशेष पोलीस दल नेमा. दर तिमाहीच्या अखेरीस परिस्थितीचा आढावा घ्या. राज्य पातळीवर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती, तिच्या जानेवारी आणि जुलै महिन्यांत बैठका. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती. तीत पोलीस अधीक्षक, आमदार, खासदार, समाजकल्याण अधिकारी आणि बिनसरकारी सदस्य. दर तीन महिन्यांनी किमान एक बैठक. यालाच समन्वय म्हणतात. तो गेली तीस वर्षे राजपत्रात छापलेला आहे.

मग बैठका का होत नाहीत, झाल्या तर कागदावरच का राहतात? १५ डिसेंबर २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच या कायद्याची अंमलबजावणी न करण्याबद्दल संबंधित यंत्रणांवर ठपका ठेवला. एवढ्या उच्च ठिकाणाहून ठपका आल्यानंतरही मिर्चपूर आणि धर्मपुरीच्या मालिकेत नवाद्याची भर पडली. ही केवळ विस्मृती असू शकत नाही.

कायद्यातली दोन छिद्रेही पाहून घ्या, कारण त्यांतून सत्ताधारी वर्गाची नजर दिसते. पहिले असे. जिल्हा समितीच्या सदस्यांच्या यादीत अग्निशमन सेवेचे नाव नाही. घर जाळणे हा ज्या कायद्यातला सर्वांत भीषण गुन्ह्यांपैकी एक, त्याच्या दक्षता समितीत आग विझवणाऱ्याला खुर्ची नाही. मजुरीच्या तंट्यांतून आगी लागतात हे साऱ्या देशाला ठाऊक असूनही कामगार अधिकाऱ्याला आणि शेतमजुरांच्या युनियनलाही नाही.

दुसरे छिद्र थेट संविधानाच्या अनुसूचीत आहे. नगरपालिकांची कामे सांगणाऱ्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींची कामे सांगणाऱ्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ती नाही. शहरातल्या गोदामासाठी बंब आहे, गावकुसाबाहेरच्या गवती छपरासाठी तो नाही. त्या छपराला जळायला काही मिनिटे पुरतात आणि तालुक्याच्या गावाहून बंब निघून यायला तास लागतो. तोही रस्ता मोकळा असेल तर. धर्मपुरीत हल्लेखोरांनी झाडे तोडून रस्त्यावर आडवी टाकली होती. त्यांना समन्वयाचे महत्त्व सरकारपेक्षा अधिक चांगले कळत होते.

आणि मग राख थंड झाल्यावर यंत्रणा एकदम जाग्या होतात. ज्याचे घर जाळले गेले त्याला सरकारी खर्चाने दगड-विटांचे पक्के घर बांधून द्यावे, असे त्याच नियमांच्या परिशिष्टात लिहिले आहे. या तरतुदीचा अर्थ नीट समजून घ्या. दलित मजुराचे घर पक्के असावे हे सरकारला मान्य आहे, त्यासाठी पैसा आहे, आराखडा आहे, खाते आहे. अट एकच, आधी ते जळले पाहिजे.

‘उत्स्फूर्त प्रक्षोभ’ नावाचे कपट

आग लावणाऱ्यांना वाचवणारा युक्तिवाद न्यायालयांतही शिरतो. किळवेणमणीच्या खटल्यात सत्र न्यायालयाने मिरासदारांच्या म्होरक्यासह काही आरोपींना १९७० साली शिक्षा दिल्या. म्होरक्याला १० वर्षे. १९७३ साली मद्रास उच्च न्यायालयाने मिरासदारांना निर्दोष सोडले. कारण काय? एवढे जमीनजुमलेवाले प्रतिष्ठित गृहस्थ, ज्यांच्यापैकी एकाकडे मोटारगाडीही आहे, ते स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे न्यायमूर्तींना संभवनीय वाटले नाही. मोटारगाडी हा निर्दोषत्वाचा पुरावा ठरला! बिहारमधील बथानी टोळ्यात ११ जुलै १९९६ रोजी घरे पेटवून २१ जणांची कत्तल झाली. आरा येथील न्यायालयाने २०१० साली २३ जणांना दोषी ठरवले आणि २०१२ साली पाटणा उच्च न्यायालयाने त्या साऱ्या २३ जणांना सोडून दिले.

मिर्चपूरचा निकाल वेगळा लागला आणि तो का लागला हे कार्यकर्त्यांनी अभ्यासले पाहिजे. खटला हरयाणातून दिल्लीला हलवला गेला. खालच्या न्यायालयाने ९७ पैकी १५ आरोपींना दोषी ठरवून ८२ जणांना सोडले. पण दिल्ली उच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१८ रोजी आणखी २० जणांची सुटका रद्द केली, वाल्मीकींची घरे हेतुपुरस्सर लक्ष्य केली गेली असे स्पष्ट म्हटले आणि स्वातंत्र्याला ७१ वर्षे झाली तरी असे अत्याचार कमी होण्याचे चिन्ह नाही असे नोंदवले. पीडित गाव सोडून बाहेर पडले, ठाण मांडून बसले, आठ वर्षे त्यांनी दबाव टिकवून धरला. ‘लागली’चे ‘लावली’ व्हायला एवढे सारे लागले.

हे केवळ मागासलेपण नव्हे

काही मंडळी म्हणतात, हा सरंजामी अवशेषांचा प्रश्न आहे; आधुनिक, शास्त्रशुद्ध प्रशासन आले की आपोआप मिटेल. त्यांनी भांडवलशाहीच्या राजधानीकडे पाहावे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्रॉन्क्स भागात, जिथे प्रामुख्याने काळे आणि पोर्तोरिकोचे कष्टकरी राहत, चाळीच्या चाळी जळाल्या. विम्याची रक्कम मिळावी म्हणून घरमालकांनी लावलेल्या आगी त्यांत होत्या. त्याच काळात शहराच्या प्रशासनाने खर्चकपातीसाठी अग्निशमन पथके बंद केली आणि कोणती बंद करावीत हे ठरवताना रँड इन्स्टिट्यूटच्या तज्ज्ञांच्या गणिती प्रारूपांचा आधार घेतला. त्यात गरिबांच्याच वस्त्यांतली पथके गेली. संगणक होता, तज्ज्ञ होते, खात्यांचा समन्वयही होता. त्या समन्वयाने बंब दूर नेले.

तेव्हा यंत्रणा एकत्र काम करतात की नाही, या प्रश्नाला अर्धाच अर्थ आहे. कोणाच्या बाजूने एकत्र काम करतात, हे विचारल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. जमीनदाराच्या उभ्या पिकात मजूर शिरला तर फौजदार, तहसीलदार आणि दंडाधिकारी एका दिवसात एकत्र येतात. मजुराच्या झोपडीवर पलिते घेऊन शंभर जण निघाले की ठाण्याला हद्द आठवते, तहसीलदाराला रजा आठवते आणि जीपमधले पेट्रोल संपते.

आपल्या काही कॉम्रेड्सना उत्तर

इथे आपल्याच काही कॉम्रेड्सच्या एका मताचा समाचार घ्यायला हवा. ते म्हणतात: ही यंत्रणा जमीनदार-भांडवलदारांची आहे, तिच्या समित्यांत बसणे हा भ्रम आहे, वर्गसंघर्ष तीव्र करा, बाकी आपोआप होईल. ऐकायला हे फार क्रांतिकारक वाटते. प्रत्यक्षात ते हातावर हात ठेवून बसणे आहे. जिल्हाधिकाऱ्याने तिमाही बैठक घेतली नाही तर आपण ती मागत नाही. मग ती न घेण्यात आपण त्याचे भागीदार होतो.

दुसरे काही कॉम्रेड्स म्हणतात, किळवेणमणी हा मजुरीचा लढा होता, जातीचा विषय मध्ये आणून एकजूट फोडू नका. मजुरी मागणारे इतरही असतात. झोपडीत कोंडून जाळले गेले ते दलित. मालकाला मजुरी वाचवायची होती हे खरे आणि गुलामाने मान वर केली याचा सूड घ्यायचा होता हेही तितकेच खरे. या दोन कारणांपैकी एक पुसून टाकणारा कार्यकर्ता पुढच्या आगीची वर्दी ओळखू शकणार नाही. मराठवाड्यात १९७८ साली मजुरीचा तंटा नव्हता, विद्यापीठाच्या नावाचा होता. तरीही पेटली ती शेतमजुरांचीच घरे.

खरा अनुभव काय सांगतो? किळवेणमणीनंतर समन्वयाच्या सुविचारांनी काही मिळाले नाही. लढ्याच्या दबावाखाली गणपतिया पिळ्ळै आयोग बसला आणि १९६९ साली पूर्व तंजावरसाठी शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा झाला. १९७१ साली तमिळनाडूत मालकाच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्याला त्या घरजागेची मालकी देणारा कायदा झाला. केरळात जमीन सुधारणा कायद्याने १ जानेवारी १९७० पासून कुडिकिडप्पुकारांना, म्हणजे परक्याच्या जमिनीवर झोपडी असलेल्यांना, घराखालच्या जमिनीचा हक्क दिला: पंचायतीच्या क्षेत्रात १० सेंटपर्यंत. ज्याच्या पायाखालची जमीन त्याची स्वतःची आहे त्याला हुसकण्यासाठी आग हे हत्यार पूर्वीइतके उपयोगी पडत नाही. आगप्रतिबंधाचा याहून मूलभूत उपाय कोणत्याही अग्निशमन नियमपुस्तिकेत सापडणार नाही.

मागण्या आणि काम

म्हणून समन्वय ही मागणी अग्रलेखवाल्यांच्या हाती सोडून न देता तिला आशय देऊन आपण ती उचलली पाहिजे. जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तिमाहीला झाली की नाही आणि तीत काय ठरले, हे जाहीर झाले पाहिजे. जिथे मजुरीचा, जमिनीचा वा बहिष्काराचा तंटा चालू आहे ते गाव आग लागण्याआधी अत्याचारप्रवण घोषित झाले पाहिजे. समितीत अग्निशमन अधिकारी, कामगार अधिकारी आणि शेतमजूर युनियनचा प्रतिनिधी हवा. पंचायतींच्या पातळीवर अग्निशमनाची जबाबदारी आणि त्यासाठी निधी हवा. दलित वस्तीला स्वतंत्र रस्ता, स्वतंत्र पाण्याची टाकी आणि पक्के छप्पर हवे, आणि ते राखेच्या आधी. ज्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार असूनही त्याने काही केले नाही, त्याच्यावर कर्तव्यच्युतीचे कलम लागले पाहिजे. एका फौजदाराला आणि एका तहसीलदाराला तुरुंगाची हवा लागली, तर समन्वयावरच्या शंभर परिसंवादांचे काम होईल.

यातले काहीही आपोआप मिळणार नाही. पक्षाच्या शाखेने धमकीची पहिली खबर आली त्याच दिवशी ती लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि त्या पोचेची प्रत जपून ठेवावी. पुढे खटला उभा राहिला तर तो त्या कागदावर उभा राहतो. वस्तीत रात्रीचा पहारा असावा आणि त्या पहाऱ्यात किसान सभेतले सवर्ण शेतकरी कॉम्रेड्सही असावेत. त्यांच्या उपस्थितीने जो संदेश जातो तो हजार पत्रकांनी जात नाही, आणि जे यायला कचरतात त्यांच्याशी तिथेच, त्याच प्रश्नावर, संघटनेत उघड चर्चा व्हावी. शहरांतल्या, रेल्वेतल्या, पोलादाच्या कारखान्यांतल्या मराठी कॉम्रेड्सनी हे काम आपले नाही असे मानू नये. भिलाईत, इंदुरात, सुरतेत, बडोद्यात ज्या राज्यात आपण राहतो तिथेही या समित्या आहेत, त्यांच्या बैठका आहेत आणि त्या न भरवणारे जिल्हाधिकारी आहेत.

दरवर्षी २५ डिसेंबरला किळवेणमणीच्या स्मारकाशी लाल बावटे जमतात आणि देशभरच्या शाखांत त्या ४४ जणांना अभिवादन होते. या वर्षी अभिवादनाच्या सभेला जाताना प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातल्या अशा वस्त्यांची यादी बरोबर न्यावी: कोठे मजुरीचा तंटा आहे, कोठे जमिनीचा दावा पडून आहे, कोठे बहिष्कार चालू आहे, बंब किती मैलांवर आहे. सभा संपल्यावर ती यादी घेऊन सरळ जिल्हाधिकारी कचेरीवर जावे आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.